चित्रातली अनवाणी बाई

केझाया स्पॉलला बूट होते. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण पुढे कुणी कितीही चित्रं आणून तुमच्या नाकासमोर धरली तरी ही गोष्ट विसरायची नाही. काळ्या कातड्याचे, घोट्याच्या वर चार बोटं येणारे, आणि वरच्या काठाला लाल दोऱ्यानं गुलाबाची फुलं आणि मधोमध पत्त्यांतल्यासारखे दोन बदाम टाचलेले. आमच्या लंडनमधल्या लॅम्बेथच्या बाजारात असे बूट तिघींकडेच होते, आणि बाकीच्या दोघींचे उसने असावेत असा केझायाला पक्का संशय होता.

सभ्य माणसाला वाटेल, बुटांचं एवढं काय कौतुक? त्यानं हातगाडीवाल्यांच्या गल्लीत आठवडाभर राहून दाखवावं. आमच्यात माणूस भेटला की तोंड नंतर बघतात, आधी पाय. वाईट दिवस आले की आम्ही कोट गहाण टाकतो, गादी टाकतो, गळ्यातला रेशमी रुमाल टाकतो, वेळ आली तर तराजूसुद्धा टाकतो. बूट नाही. बूट गेले म्हणजे माणूस संपला. अनवाणी दिसला की बिअरच्या दुकानात त्याच्या नावानं वर्गणीची ताटली फिरते, आणि घरात मयत झाल्यासारखे सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागतात.

केझायाच्या नवऱ्यानं, जॅबेझनं, लग्नात तिला अंगठी दिली नाही, हे बूट दिले. "अंगठी घालून चिखलात उभी राहणार आहेस का?" म्हणाला. माणूस व्यवहारी होता. पुढे दारूची पिंपं वाहणाऱ्या गाडीखाली सापडून तो गेला, आणि केझायाच्या वाट्याला दोन गोष्टी उरल्या: पायातले बूट आणि बटाट्यांचा बंब. बुटांचे तळवे तिनं सात वेळा बदलले. वरचं कातडं तेच.

बंबही बघण्यासारखा होता. पत्र्याचा, चार पायांवर उभा, खाली निखारे, भोवती उकळतं पाणी आणि आतल्या कप्प्यात भाजलेले बटाटे. वर पितळी टोपण, वाफ सोडायला नळी, दोन्ही अंगांना पितळी दिवे, आणि समोरच्या पट्टीवर कोरलेलं 'जे. स्पॉल'. बाजारातून निवडून आणलेले मोठे बटाटे ती पहाटे धुवायची, कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या भट्टीत भाजून घ्यायची, आणि मग बंबात भरून आपल्या जागेवर उभी राहायची. अर्ध्या पेनीला एक, लोणी आणि मीठ फुकट. लोणी लावताना तिचा हात आखडायचा, पण मिठाच्या बाबतीत ती दिलदार होती.

आठवड्यातला खरा दिवस रविवारचा. कारखान्यातल्या माणसांच्या हातात पगार पडायचा शनिवारी संध्याकाळी उशिरा. त्यातला थोडा दारूच्या दुकानात राहायचा, उरलेला बायकोच्या हातात यायचा तेव्हा चुली निजलेल्या असायच्या. मग रविवारी सकाळी सगळी गल्ली उलटायची. कोबी, कांदे, मासे, पोरांचे मोजे, सगळं तेव्हाच. आणि सकाळी सकाळी गारठलेल्या बोटांत धरायला एक गरम बटाटा. केझायाचा अर्धा आठवडा त्या चार तासांत उभा राहायचा. गल्लीतल्या चाळीसही गाड्यांचं हेच होतं.

सोमवार मात्र पडेल दिवस. सोमवारी तिच्याकडे नेमानं येणारं गिऱ्हाईक एकच. उंच, बांबूसारखा वाळलेला, काळ्या कोटातला, सतत खोकणारा एक साहेब. लोणी नको म्हणायचा, मीठ भरपूर घ्यायचा, आणि बटाटा खायच्या आधी पाच मिनिटं दोन्ही तळव्यांत धरून ठेवायचा. केझायानं त्याचं नाव कधी विचारलं नाही. आपल्या मनानं तिनं त्याला 'काडीसाहेब' करून टाकलं होतं, आणि शाळामास्तर असावा असं ठरवलं होतं, कारण तो प्रश्न फार विचारायचा.

"किती तास उभ्या असता, बाई?"

"बटाटे संपेपर्यंत."

"आणि रविवारी?"

"रविवारी पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही हो साहेब. एखाद्या रविवारी निजायला मिळालं ना, तर मी स्वर्ग नको म्हणेन."

काडीसाहेबानं खाली तिच्या पायांकडे बघितलं. "टाके फार सुरेख आहेत," तो म्हणाला. "मी कापडाच्या दुकानात होतो तरुणपणी. सातही दिवस. टाका कळतो मला." एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो निघून गेला. केझाया दिवसभर खूश होती. बुटांकडे लोक बघायचे, पण टाक्यांवर बोलणारा हा पहिलाच.

हे असं चाललेलं असताना गल्लीत बातमी आली की 'रविवार विश्रांती मंडळ' नावाचं कुणीतरी उभं राहिलंय, आणि त्याचा म्होरक्या कुणी वेदरली म्हणून आहे. त्यानं पॅरिशच्या कमिटीकडे, म्हणजे आमच्या भागाचा कारभार बघणाऱ्या साहेबांकडे, अर्ज टाकला होता: रविवारी आमची गल्ली मोकळी करावी, एकही गाडी लागू देऊ नये. शिपायांनी दोन-चार गाड्या ढकलूनही पाहिल्या. आमचा कोबीवाला ओबेडाया ग्रिग, ज्याचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो आणि म्हणून ज्याला आम्ही पुढारी मानतो, तो गाडीवर चढून ओरडला, "हा वेदरली मला एकदा दाखवा! त्याच्या ढेरीत कोबी कोंबतो!" त्याला ढेरी आहे असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो. दुसऱ्याचा रविवार काढून घेणारा माणूस हडकुळा कसा असेल?

त्याच सुमाराला ऑर्लॅन्डो पेल आमच्या गल्लीत यायला लागला. 'गांधीलमाशी' नावाचं एक आठवडी पत्र निघायचं, चित्रांनी मोठ्या लोकांना डंख मारणारं. त्यात तो चित्रं काढायचा. पोरगेला, हसरा, बोटांना कायम शाई. दोन रविवार तो केझायाच्या बंबाशेजारी उभा राहिला, बटाटे खाल्ले, वही काढून रेघा मारल्या आणि म्हणाला, "मावशी, त्या वेदरलीला असा हाणतो की बस! सगळं लंडन तुमच्या बाजूनं हसेल."

"हाण बाबा," केझाया म्हणाली. "आणि माझा बंब नीट काढ. दिवे दोन आहेत."

बंब त्यानं नीट काढला, हे मान्य करायला हवं. पुढच्या आठवड्यात छापवाल्याच्या दुकानाच्या काचेत 'गांधीलमाशी' लागली आणि अख्खी गल्ली काचेला नाक लावून उभी राहिली. चित्रात पिंपाएवढा वेदरली, गळ्यात रुमाल अडकवलेला, मागच्या टेबलावर भाजलेला हंस. एक हात वर करून तो म्हणत होता 'आज देवाचा दिवस!' आणि दुसऱ्या हातानं बंब उलटवत होता. दोन दिवे, नळी, 'जे. स्पॉल', सगळं जिथल्या तिथे. आणि बंबापाशी चिखलात गुडघे टेकून एक बाई. अंगावर चिंध्या. पाय उघडे. दहाच्या दहा बोटं मोजून घ्या.

ग्रिग पोट धरून हसला. "हंस बघा, हंस!" सगळे हसत होते. केझाया एकटी हसली नाही. तिला हंस दिसलाच नव्हता. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या, आणि भर बाजारात कुणी अंगावरची शाल ओढावी तसं तिला वाटलं.

मग जे व्हायचं तेच झालं. आमच्या गल्लीला ठाऊक होतं की केझायाचे बूट जागेवर आहेत. पण नदीपलीकडच्या बाजारांना काय माहीत? त्यांनी चित्र बघितलं, बंब ओळखला, पाय बघितले, आणि स्पॉलची विधवा बुडाली असं समजून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाइटचॅपलचा एक म्हातारा मासेवाला पूल ओलांडून चालत आला. काखेत कागदात गुंडाळलेले बूट.

"माझ्या बायकोचे आहेत," तो खाली बघत पुटपुटला. "ती गेली गेल्या वर्षी. तुला थोडे सैल होतील, पण चिंध्या कोंबल्यास की..." आणि मग खाली बघतच होता म्हणून त्याला गुलाब दिसले. "अगं, हे काय?"

"हे काय म्हणजे? बूट आहेत! डोळे फुटले का मेल्या?" केझाया कडाडली. "जा, ने ते परत! मी काय भीक मागायला बसलेय?"

म्हातारा गोंधळून परत फिरला. दहा पावलं गेला असेल, तर तिनंच हाक मारली, एक बटाटा त्याच्या हातात कोंबला आणि पैसे घेतले नाहीत. त्या आठवड्यात असे तिघं आले. दोन ठिकाणी तर ताटलीसुद्धा फिरली होती. लाज, राग आणि आतून भरून येणं, हे तिन्ही एकदम कसं सोसायचं ते तिला कळेना, म्हणून ती सगळ्यांवर सरसकट खेकसत राहिली.

पेल आला तेव्हा तर तिनं सांडशीच उगारली. "माझे बूट कुठेत रे?"

"मावशी, ऐका तरी..."

"नाही ऐकत! दिवे दोन काढलेस, नळी काढलीस, नावातलं अक्षर न् अक्षर काढलंस. पाय काढताना शाई संपली?"

पेल खरंच वरमला. वाईट नव्हता तो पोरगा. "बूट घातलेली बाई काढली," तो म्हणाला, "तर वाचणाऱ्याला वाटेल, हिचं बरं चाललंय की. दया कशी येणार? चित्रात गरीब दाखवायचा तर पाय उघडेच लागतात. तसा दस्तूरच आहे."

"तुझ्या दस्तुराला लागो आग," केझाया म्हणाली, आणि त्याला त्या दिवशी बटाटा दिला नाही.

कमिटीची बैठक गुरुवारी होती. गल्लीतर्फे एका माणसानं साक्ष द्यायची असं ठरलं, आणि ते माणूस केझायाच असणार हे न बोलताच ठरलं. तिचं चित्र दुकानादुकानांच्या काचांत होतं. कमिटीच्या साहेबांनीही ते पाहिलं होतं, म्हणे एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बुधवारी संध्याकाळी पेल आणि ग्रिग दोघं मिळून तिच्याकडे आले आणि एकमेकांना कोपरानं ढोसत उभे राहिले.

"बोला की. गिळलात का जीभ?"

"ते उद्या..." ग्रिग, ज्याचा आवाज गल्लीभर पोचतो, तो कुजबुजला. "उद्या तू जरा... म्हणजे चित्रातल्यासारखी..."

"हां?"

"बूट न घालता आलीस तर," पेल भरभर बोलून मोकळा झाला.

केझाया उठली. तिनं दार उघडलं आणि दोघांना बाहेरची वाट दाखवली. गुरुवारी सकाळी तिनं बुटांना काजळी आणि तेल चोळलं, लाल टाके ओल्या फडक्यानं पुसले, स्वच्छ एप्रन बांधला, आणि ताठ मानेनं पॅरिशच्या कचेरीकडे निघाली.

दारावरच्या चपराशाच्या हातात साक्षीदारांची यादी होती आणि दुमडलेली 'गांधीलमाशी'. त्यानं केझायाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, परत केझायाकडे बघितलं.

"कोण तुम्ही?"

"केझाया स्पॉल. बटाटेवाली."

"ती अनवाणी आहे."

"ती मीच आहे!"

"बाई, मला आंधळा समजू नका," चपराशी म्हणाला. "सकाळपासून दोन दुकानदारणी येऊन गेल्या, आत बसून ऐकायचंय म्हणून. साहेबांनी मला नीट सांगितलंय, साक्षीला चित्रातली बाई. ही बघा ती. या बाईला पायात काही नाही. तुमचे तर माझ्या बायकोपेक्षा बरे आहेत."

ग्रिगनं ही तीच म्हणून सांगितलं, आमच्यातल्या चौघांनी देवाशपथ सांगितलं, पण तो हलेना. ज्या माणसाला कोबीच विकायचाय तो काहीही बोलेल, म्हणाला. आतून घंटा वाजली. पेल घामाघूम झाला होता. तो आत जाऊन कुणाला तरी बोलावून आणतो म्हणून पळाला, पण दार त्याच्याही तोंडावर बंद झालं.

ग्रिग तिच्याजवळ आला. या वेळी तो पुढाऱ्यासारखा बोलला नाही. "केझाया," तो म्हणाला, "चाळीस गाड्या आहेत गं. साक्ष झाली नाही तर आजच निकाल लागतो. या रविवारपासून सगळं बंद. माझ्या घरी सात तोंडं आहेत. तुला बळजबरी नाही. तू नाही म्हणालीस तर मी कुणाला बोलू देणार नाही, माझा शब्द."

केझाया कचेरीच्या पायरीवर बसली. लग्नाच्या दिवशी जॅबेझनं अशाच एका पायरीवर बसवून ते बूट तिच्या पायात चढवले होते. तिनं नाड्या सोडायला सुरुवात केली, तेव्हा जमलेल्या आमच्या माणसांनी, कुणी सांगितलं नसताना, पाठी फिरवल्या. एकालाही तिचे पाय बघायचे नव्हते. मोजेही तिनं काढले. ग्रिगनं मागे हात करून बूट घेतले आणि कोटाच्या आत, छातीशी धरले.

चपराशानं चित्राशी पाय ताडून पाहिले आणि दार उघडलं. "आता कसं!" म्हणाला.

आत लांब टेबलामागे कमिटीचे सात साहेब. केझाया भिंतीशी उभी राहिली आणि डोळ्यांनी ढेरीवाला वेदरली शोधू लागली. फरशी बर्फासारखी गार होती. अध्यक्षांनी वेदरलींचं नाव पुकारलं आणि पुढच्या बाकावरून एक माणूस खोकत उठला. उंच. वाळलेला. काळा कोट.

काडीसाहेब.

केझायाला वाटलं आपण चुकीच्या खोलीत आलो. पण तो बोलायला लागला, आणि तोच आवाज होता. आपण पंधराव्या वर्षी कापडाच्या दुकानात लागलो, सातही दिवस उभं राहिलो, छाती तिथेच गेली, आपला भाऊ तर त्या दुकानातच गेला, हे त्यानं जराही रंगवून न सांगता सांगितलं. माणूस यंत्र नाही म्हणाला. वर्तमानपत्रांनी आपली काय चित्रं काढायची ती काढावीत, पण या गल्लीतल्या लोकांना विश्रांती नको असं कुणी म्हणू नये. "एका कष्टाळू बाईनं मला स्वतः सांगितलंय," तो म्हणाला, "की एखाद्या रविवारी निजायला मिळालं, तर मला स्वर्गही नको. मी हे तिच्यासाठी करतोय."

 केझायाचेच शब्द होते. मीठ घालता घालता बोललेले. आणि तेच शब्द आता तिचा रविवार उचलून न्यायला निघाले होते, तेही तिच्या भल्यासाठी.

"साक्षीदार केझाया स्पॉल!"

ती पुढे झाली. सात साहेबांच्या नजरा आधी तिच्या पायांवर गेल्या, आणि एक म्हातारा हळहळून चुकचुकला. वेदरली अजून उभाच होता. त्यानंही तिच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. त्याचा चेहरा एकदम काळजीनं भरला.

"बाई," तो भर सभेत म्हणाला, "तुमचे बूट कुठे गेले? सोमवारी तर होते!"

खोलीत एकच गलका झाला. "म्हणजे हे सोंग आहे!" टेबलामागून कुणीतरी ओरडलं. "फसवणूक!" ज्या म्हाताऱ्यानं हळहळ केली होती त्याचंच तोंड सगळ्यांत लाल झालं. अध्यक्ष हातोडा आपटत होते. पेल दाराशी पांढराफटक पडला. आणि बिचारा वेदरली, त्याला तर कळेचना आपण काय केलं ते. त्याला खरंच वाटलं होतं की बाईचे बूट चोरीला गेले.

चाळीस गाड्या त्या क्षणी गेल्यातच जमा होत्या. केझाया वळली, आणि सगळ्यांना वाटलं ही आता पळणार. तिनं दाराकडे बघून हाक मारली. "ग्रिग! आण ते इकडे."

ग्रिग आत आला, कोटातून बूट काढून तिच्या हातात दिले. ती तिथेच, कमिटीच्या पुढ्यात, एका रिकाम्या बाकावर टेकली. मोजे घातले. बूट घातले. नाड्या एकेका भोकातून सावकाश ओवल्या, दुहेरी गाठ मारली. तोवर अध्यक्षांनी हातोडा खाली ठेवला होता. मग ती उठून उभी राहिली.

"हे माझे बूट," ती म्हणाली. "चोरीला गेले नव्हते, साहेब, चौकशीबद्दल तुमचे उपकार. तुमच्या चपराशानं बूट घालून आत सोडलं नाही. चित्रात नाहीत, म्हणाला. आता हे चित्रातले वेदरलीसाहेब. त्यांची ढेरी कुठाय? त्यांना दारावर कुणी विचारलं नाही, ढेरी घरी का ठेवून आलात म्हणून."

कुणीतरी हसलं. वेदरलीनं नकळत आपल्या पोटावर हात ठेवला.

"निजण्याचं मी बोलले ते खरं. मला रविवारी निजावंसं वाटतं. माझा जॅबेझ परत यावा असंही वाटतं. वाटून काय करू? लोकांच्या हातात पैसा पडतो शनिवारी उशिरा. त्यांची चूल पेटायची तर मला रविवारी उभं राहायला हवं. तुम्ही तो पगार शुक्रवारी द्यायला लावा, मी रविवारी दुपारपर्यंत लोळेन. घोरेनसुद्धा! पण पगार तसाच ठेवून नुसता माझा रविवार काढलात," इथे तिनं पायांकडे बोट केलं, "तर हे बूट त्या आठवड्याला नाही, पण दोन महिन्यांनी जातील. मग ते चित्र खरं होईल. आज खोटं आहे, साहेब. त्याला खोटंच राहू द्या."

आणि ती खाली बसली.  मग वेदरली खोकला, आणि अध्यक्षांना म्हणाला की मला माझ्या अर्जात दुरुस्ती करायची आहे. सकाळी दहापर्यंत गाड्या राहाव्यात, आणि मंडळाचा पुढचा अर्ज कारखानदारांकडे जाईल, पगाराच्या दिवसाबद्दल. "मी बाईंचं अर्धंच ऐकलं होतं," तो म्हणाला.

दहापर्यंत. आम्हाला बारापर्यंत हवं होतं, आणि ग्रिग आठवडाभर त्यावरून कुरकुरत होता. पण गाड्या राहिल्या.

सोमवारी काडीसाहेब आला तेव्हा दोघंही बराच वेळ बंबाकडेच बघत राहिले.

"मीठ?" केझायानं विचारलं.

"भरपूर."

"लोणी लावते आज. खा जरा. ते लोक तुम्हाला जाड काढतात, त्यांना खोटं पाडायला तरी इतकं वाळायला नको होतं."

तो हसला, आणि हसताना त्याला खोकला आला. पुढची चार वर्षं त्यानं कारखान्याच्या दारादारांत जाऊन शुक्रवारच्या पगारासाठी डोकं फोडलं. तीन कारखान्यांनी ऐकलं. 'गांधीलमाशी'नं या काळात त्याला अकरा वेळा काढला, अकराही वेळा पिंपासारखा, आणि दर वेळी शेजारी तीच अनवाणी बाई, कारण लोकांना ती आता पाठ झाली होती. पेलनं एकदा तिला बूट घालून काढलं होतं. संपादकानं ते चित्र परत केलं. ही कोण म्हणून विचारलं.

मग एका हिवाळ्यात सोमवार आला आणि काडीसाहेब आला नाही. दुसऱ्याही सोमवारी नाही. तिसऱ्या आठवड्यात छापवाल्याच्या काचेत 'गांधीलमाशी' लागली, त्यात त्याच्याबद्दल चार चांगल्या ओळी होत्या असं ग्रिगनं वाचून सांगितलं. वर चित्र होतं. गुबगुबीत गाल, पंख, आणि ढगावर न मावणारं पोट.

"मेल्यावरसुद्धा जाडाच काढला मेल्यांनी," केझाया म्हणाली, आणि काचेसमोर उभी राहून ढसाढसा रडली. बटाटा हातात धरून ठेवणाऱ्या त्याच्या हातांची हाडं तिला आठवत होती.

त्याच दिवशी तिनं पहिल्या चित्राचा एक अंक विकत घेतला. आयुष्यात विकत घेतलेला छापील कागद तो एकच. घरी नेऊन खिळ्यानं भिंतीवर ठोकला, बंबातला एक विझलेला कोळसा घेतला आणि चिखलातल्या त्या बाईच्या पायांत बूट काढले. वाकडेतिकडे, पण घोट्याच्या वर चार बोटं. मग वेदरलीच्या पोटावर पांढरी माती फासून ते जमेल तेवढं आत घेतलं.

केझायाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. बूट पायात घालूनच तिला पुरलं, आणि तळवे तेव्हा नवे होते. तिची जागा, तिचा बंब आणि ते चित्र ठोकलेली ती भिंत आज माझ्याकडे आहेत. मोठ्या वाचनालयांत 'गांधीलमाशी'चे जाड खंड बांधून ठेवलेत म्हणतात, आणि शिकलेले लोक ते उघडून त्या काळच्या गरिबांचे हाल बघतात. बघू देत. माझ्या भिंतीला ओल येते आणि कोळसा दर पावसात पुसट होतो, मग खालून ते उघडे पाय पुन्हा वर यायला लागतात. दर वर्षी थंडी सुरू झाली, बंब पेटवला, की पहिला कोळसा मी त्यासाठी ठेवतो आणि बूट नव्यानं काढतो. बदाम जमतात. गुलाब मला अजून जमलेले नाहीत.